संशोधकाची टिपणवही : एक परीक्षण

१

कागद सांपडला, वाचला, टिपून घेतला आणि परत दिला, या चार क्रियांवर आपल्याकडील इतिहाससंशोधनाची बरीचशी इमारत उभी आहे. यांपैकीं पहिलीविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. दप्तर कोणाच्या माळ्यावर निघालें, मालकाचें मन वळविण्यास किती खेपा पडल्या, याच्या हकीकती वाचकांस आवडतात. दुसरीविषयीं थोडें लिहिलें जातें. तिसरीविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. टिपणवही ही ज्याची त्याची खाजगी वस्तु, ग्रंथ छापून निघाला म्हणजे तिचें काम संपलें, असा समज आहे.

हा समज बरोबर नाहीं. ग्रंथाचें परीक्षण होतें तसें टिपणाचेंहि झालें पाहिजे. कारण मूळ कागद गेल्यावर टिपण हाच पुरावा उरतो, आणि कागद जातात हा आपला नित्याचा अनुभव आहे. वाळवी, ओल, भावाभावांच्या वाटण्या आणि रद्दीचा तराजू हे तर रोजचे शत्रु झाले. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्यांतील नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. घरांबरोबर घरांतील कागदहि गेले. जानेवारी २००४ मध्यें भांडारकर संस्थेवर हल्ला झाला त्यांतहि ग्रंथांची व हस्तलिखितांची हानि झाली. अशा वेळीं पूर्वीं कोणी काय व कसें उतरून घेतलें होतें, यावरच पुढील अभ्यासाचा जीव अवलंबून राहतो.

परीक्षणासाठीं वही कोणाची घ्यावी हा प्रश्न होता. दुसऱ्याच्या वहींत दोष दाखविणें सोपें असतें, पण तें न्याय्य होईलच असें नाहीं. म्हणून मी माझीच घेतों.

२

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, शाळेच्या मे महिन्याच्या सुटींत, सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांत एका देशमुख घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आला. गांवाचें व घराण्याचें नांव येथें देत नाहीं. दोष माझा आहे, त्यांचा नाहीं. दोन रुमाल होते. दुसऱ्या रुमालांत कुलकर्णाच्या वतनाविषयीं गोतानें केलेल्या निवाड्याचा एक लांब महजर निघाला. संध्याकाळची एस्. टी. गांठावयाची होती. मीं घाईनें वहींत पुढीलप्रमाणें टिपण केलें:

"कुलकर्णवतनाचा निवाडा. माघ, इ. स. १७१६. वादी-प्रतिवादी चुलतभाऊ. निकाल वडील शाखेकडे. साक्षीदार बारा, पाटील, बलुतेदार वगैरे. महत्त्वाचा. पुन्हा पाहणें."

मालक वृद्ध गृहस्थ होते. निघतांना ते म्हणाले, "मास्तर, कागदांना कांहीं पाय फुटत नाहींत. दिवाळींत या सवडीनें." त्या दिवाळींत मी गेलों नाहीं, पुढल्याहि दिवाळींत नाहीं. सहा वर्षांनीं गेलों तेव्हां ते गृहस्थ वारले होते, मागील पडवीची भिंत पावसांत बसली होती, आणि रुमाल म्हणून जें माझ्यापुढें आलें तें एका पत्र्याच्या डब्यांत भरलेली वाळवीची माती होती.

गेल्या वर्षीं एक तरुण अभ्यासक माझ्याकडे आला. त्याचे पूर्वज त्याच गांवचे सुतार. शेजारच्या गांवीं त्याला त्याच कुलकर्णाच्या वादाचा एक महजर मिळाला होता. मिती शके १६३८, दुर्मुखनाम संवत्सर, माघ मास अशी स्वच्छ होती. शेवट मात्र फाटलेला. साक्षीदारांचीं नांवें जेथें असावयाचीं नेमका तोच बंद गळून गेलेला. माझ्या वहीची गोष्ट त्यानें कोणाकडून ऐकली होती. त्यानें दोन प्रश्न विचारले.

"गुरुजी, तुम्हीं पाहिलेला कागद याच निवाड्याचा, कीं आधींच्या एखाद्या निवाड्याचा? आणि त्या बारांत आमचा सुतार असेल, त्याचें नांव काय होतें?"

दोहोंपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर माझ्या वहीपाशीं नव्हतें.

३

पहिल्या प्रश्नाचें उत्तर कां नव्हतें तें पाहूं. शकाचा इसवी सन करतांना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ व जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १६३८ चा माघ म्हणजे इ. स. १७१७ चा आरंभ. माझ्या वहींत १७१६ आहे. मीं गणित बरोबर केलें असेल तर मूळ शक १६३७ ठरतो. मग माझा महजर वर्षभर आधींचा, आणि या तरुणाच्या हातचा कागद म्हणजे हरलेल्या शाखेनें पुन्हा दाद मागितल्यावर झालेला दुसरा निवाडा. परंतु मीं घाईंत नुसते ७८ मिळविले असतील तर मूळ शक १६३८. मग दोन्ही कागद एकाच निवाड्याचे. एका अंकाच्या फरकानें त्या गांवाच्या इतिहासांत एक तंटा वाढतो किंवा कमी होतो.

बरें, मूळ कागदावर शकच होता कशावरून? छत्रपति शाहूंच्या कारकीर्दींतील कागदांवर शालिवाहन शक येतो, राज्याभिषेक शक येतो, शुहूर सन येतो, फसलीहि येतो. यांपैकीं काय होतें तें वहींत नाहीं. मीं केलेल्या गणिताचें उत्तर तेवढें ठेवलें आणि मूळ अंक टाकून दिला. शाळेंत पस्तीस वर्षें मुलांना "रीत दाखवल्याशिवाय गुण नाहींत" असें सांगणाऱ्या माणसाची ही वही आहे. संवत्सराचें नांव एवढा एक शब्द उतरला असता तरी पुरें होतें: मन्मथ असेल तर शके १६३७, दुर्मुख असेल तर शके १६३८. शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें व बाकीइतकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, एवढी ही सोपी ताळा पाहण्याची रीत.

याच्या उलट, ज्यानें सर्व अंगें उतरून ठेवलीं अशा एका अनामिक लेखकाचें उदाहरण वाचकांच्या परिचयाचें आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीयेस दिला आहे. त्यापूर्वीं शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, ही मिती रूढ होती. वाद पुष्कळ वर्षें चालला. शकावलीकारानें केवळ शक लिहून सोडला असता तर हा वाद मतामतांचाच राहिला असता. पण त्यानें वार दिला, नक्षत्र दिलें, घटी-पळेंहि दिलीं. गणित केलें असतां ती तिथि १९ फेब्रुवारी १६३० रोजीं पडते व त्या दिवशीं शुक्रवारच येतो. शकावलींतहि शुक्रवारच आहे. पुढें तंजावरकडे सांपडलेलें परमानंदाचें शिवभारत १९२७ सालीं छापून निघालें, त्यांतहि तीच तिथि मिळाली. महाराष्ट्र शासनानें २००१ मध्यें हीच तारीख मान्य केली.

येथेंहि टिपणकारास एक सूचना आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या जूलियन गणनेची तारीख होय. हल्लींच्या ग्रेगोरियन गणनेनें तोच दिवस १ मार्च येतो. कोणती गणना धरली हें न लिहितां नुसती इंग्रजी तारीख टिपली तर दहा दिवसांचा घोळ पुढील वाचकाच्या पदरीं पडतो.

शुहूर सनाचें प्रकरण याहून नाजूक आहे. या सनाचें वर्ष सूर्य मृग नक्षत्रीं गेला म्हणजे पालटतें, म्हणून त्यास मृगसाल म्हणतात. सन अरबी शब्दांत लिहितात: इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, एकूण ११६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ती या सनांत पडते, व तेथें ६०० मिळवावे लागतात. परंतु त्याच सनाच्या आरंभींच्या महिन्यांस ५९९ मिळवावे लागतात, कारण ते इ. स. १७६० मध्यें पडतात. सित म्हणजे सहा व सितैन म्हणजे साठ, सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर. शेवटचें अक्षर फाटलें असेल तर टिपणांत तसें लिहावें, अंदाजानें पुरें करूं नये.

शिवाय या कागदांत वर्ष सूर्याचें असतें आणि महिने चंद्राचे. "छ" या खुणेपुढें मोहरम, सफर इत्यादि महिन्याचा चंद्र येतो. मुसलमानी वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, मृगसाल ३६५ दिवसांचें. म्हणून प्रत्येक मृगसालाच्या आरंभीं आलेले दहा-अकरा चंद्र त्याच सालाच्या अखेरीस पुन्हा येतात. असा चंद्र असलेल्या पत्रास सन असूनहि दोन तारखा संभवतात, व त्यांत जवळजवळ वर्षाचें अंतर असतें. निर्णय करावयाचा तो पत्रांतील मजकुरावरून: पाऊस लागला आहे कीं लागावयाचा आहे, कोण कोठें मुक्कामास आहे, पत्र पोंचल्याची नोंद काय म्हणते. ज्यानें मजकुराचें सार तेवढें लिहिलें व "पावसाची उघडीप नाहीं" असलीं किरकोळ वाक्यें गाळलीं, त्यानें निर्णयाचें साधनच गाळलें.

४

आतां वाचनाविषयीं. मी संस्कृताचा विद्यार्थी. म्हणून एक जुनी गोष्ट या कामीं उपयोगी पडते ती सांगतों. वेदाचें रक्षण करणाऱ्यांनीं संहितापाठ व पदपाठ हे वेगळे ठेवले. संहिता म्हणजे अक्षरें जशीं एकमेकांस जोडून आलीं तशीं. पदपाठ म्हणजे तीं फोडून केलेलीं पदें. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याचा म्हणून ओळखला जातो. म्हणजे फोड करणाऱ्याचें नांव परंपरेनें लक्षांत ठेवलें. पदें फोडणें हें अर्थ करण्याचें पहिलें पाऊल आहे, तेथें मनुष्याची बुद्धि चालते व चुकूंहि शकते, हें त्या लोकांनीं जाणलें होतें.

मोडी कागद हा संहितापाठच होय. लेखक प्रथम आडवी ओळ ओढतो व तिला अक्षरें लोंबवीत जातो. शब्दाशब्दांत जागा नसते. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. चिता व चिंता यांत एका बिंदूचा भेद असें आपण पाठशाळेंत शिकतों. मोडींत तो बिंदुहि वाचकानेंच पुरवावयाचा. आपण देवनागरींत उतारा करतों तेव्हां शब्द तोडतों, मात्रा ऱ्हस्वदीर्घ करतों, बिंदु देतों. म्हणजे पदपाठ करतों, पण त्यास संहिता म्हणतों.

यानें काय बिघडतें? साक्षीदारांच्या यादींत "रामाजीबाबाजी" असें आलें आहे असें समजा. हा बाबाजीचा मुलगा रामाजी असा एक मनुष्य, कीं रामाजी व बाबाजी असे दोन? पुढें-मागें "बिन" शब्द नसेल तर दोन्ही वाचनें होऊं शकतात. माझ्या वहींत साक्षीदार "बारा" आहेत. ते बारा मीं कसे मोजले तें आज मलाच सांगतां येत नाहीं.

संक्षेपांची तीच गत. रा।, मु।।, पो।, ता। हीं चिन्हें ज्याच्या त्याच्या अंगवळणीं पडलेलीं असतात, म्हणून उताऱ्यांत तीं उलगडून राजश्री, मुक्काम, परगणे, तर्फ असें लिहिण्याचा मोह होतो. उलगडा बरोबर असेलहि. पण तो आपण केला आहे, कागदानें नव्हे, हें वहींत दिसलें पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी कीं वहीच्या पानास तीन रकाने पाडावे. पहिल्यांत संहिता: कागदावर अक्षरें जशीं दिसतात तशीं, संक्षेपांसकट, ओळ कोठें संपली त्या खुणेसकट. दुसऱ्यांत पदें: आपली फोड व आपला उलगडा. तिसऱ्यांत अर्थ, शंका व इतर कागदांशीं संबंध. सर्व कागदाचें असें करणें न जमल्यास मिती, नांवें, रकमा, गांवें व ज्या वाक्यावर आपला निष्कर्ष बसवावयाचा तें वाक्य, एवढ्यांचें तरी करावें. वाचतां न आलेल्या अक्षरांपुरते ठिपके द्यावे. फाटलें असेल तेथें "फाटलें", लेखकानेंच जागा कोरी सोडली असेल तेथें "कोरें" असें लिहावें. या तीन गोष्टी वेगळ्या आहेत व आपल्या छापील उताऱ्यांत त्या तिन्हींस बहुधा एकच खूण असते.

हें फार सूक्ष्म झालें असें कोणास वाटेल, तर भांडारकर संस्थेच्या महाभारताकडे पाहावें. १९१९ सालीं आरंभ होऊन १९६६ सालीं पूर्ण झालेल्या त्या आवृत्तीसाठीं पोथ्या ताडून पाहतांना चौकटी आंखलेले कागद वापरीत. एकेका चौकटींत एकेक अक्षर, आणि खालीं प्रत्येक पोथीचा भेद त्या त्या अक्षराखालीं. सुखटणकरांनीं १९३३ च्या प्रस्तावनेंत पाठनिर्णयाचीं जीं तत्त्वें मांडलीं, त्यांचा पाया या चौकटींतील निमूट लेखनांत आहे. निर्णय पटला नाहीं तरी अभ्यासकास तळटीपांतील पाठभेदांवरून आपला निर्णय करतां येतो. टिपणाचा याहून मोठा गुण कोणता?

दुसऱ्या बाजूचें उदाहरण राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचें. १९०९ सालीं त्यांनीं एका अतिप्राचीन पोथीवरून ती प्रसिद्ध केली आणि तिच्या आधारें ज्ञानेश्वरींतील मराठीचें व्याकरणहि लिहिलें. ती पोथी पुढें अभ्यासकांस पाहण्यास मिळाली नाहीं. राजवाड्यांच्या बुद्धीविषयीं, कष्टाविषयीं किंवा त्यागाविषयीं शंका घेण्याची कोणाची छाती नाहीं. माझी तर मुळींच नाहीं. परंतु एका रूपाविषयीं वाद पडला असतां "पोथींत खरोखर असें होतें काय" हा प्रश्न विचारावयास जागाच उरलेली नाहीं. टिपण कितीहि थोर पुरुषाचें असो, त्याचा मूळापर्यंतचा रस्ता तुटला म्हणजे तें पुराव्याच्या पंक्तींतून उठून मताच्या पंक्तींत जाऊन बसतें.

५

वाचनाचा दुसरा दोष म्हणजे मजकुराकडे धांव घेणें. पत्र हातीं येतांच मायना ओलांडून "विशेष" शब्दानंतर काय आहे तें पाहावयाचें, ही आम्हां सर्वांची खोड. पण अखंडित लक्ष्मी अलंकृत, वेदमूर्ति, तीर्थरूप, चिरंजीव या मायन्यांवरूनच कोण कोणास लिहीत आहे, कोण वडील, कोण बरोबरीचा, हें कळतें. ज्या पत्रावर लिहिणाराचें पुरें नांव नाहीं तेथें मायना हाच त्याचा पत्ता. टिपणांत मायना नसेल तर तें पत्र पुढें दुसऱ्याच्या नांवावर जमा होण्याचा धोका असतो.

तात्पर्य ठरविण्यासाठीं मीमांसकांनीं सहा लिंगें सांगितलीं आहेत: उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ति. जुन्या पत्रांस तीं चांगलीं लागू पडतात. आरंभ व शेवट एकमेकांशीं जुळतात काय. कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे. दुसऱ्या कोणत्याहि साधनांत नाहीं असें यांत काय आहे. पत्रानें काय घडवून आणावयाचें होतें. स्तुति व निंदा यांचा भाग कोणता. आणि सांगितलेलें युक्तीस धरून आहे काय. विशेषतः अर्थवाद ओळखणें महत्त्वाचें. अर्जदार "घरांत दाणा राहिला नाहीं" असें लिहितो तेव्हां तें दुष्काळाचें प्रमाण म्हणून टिपण्यापूर्वीं, तो सूट मागत आहे हें फल शेजारीं लिहावें.

शब्दांच्या बाबतींत ओळखीचे शब्दच अधिक फसवितात. अनोळखी फार्सी शब्दासाठीं आपण कोश काढतों. ओळखीच्या मराठी शब्दासाठीं काढीत नाहीं. जुन्या पत्रांत "राजकारण" म्हणजे बहुधा गुप्त मसलत किंवा संधान. "उपराळा" म्हणजे मदत, कुमक. आजचा अर्थ धरून सार लिहिलें तर टिपण वाचण्यास सुबोध होतें, पण मग तें त्या कागदाचें राहत नाहीं. शंका असो वा नसो, असा शब्द सारांत अर्थानें न देतां जसाच्या तसा ठेवावा.

आणि मागील बाजू! महजर व सनदा लांब असत. बंदांना बंद जोडलेले असत. जोडावर मागें शिक्का आहे काय, शेवटीं मोर्तब आहे काय, पत्र पोंचल्याची नोंद आहे काय, कागद उजेडासमोर धरल्यास जलचिन्ह दिसतें काय, हें सर्व टिपणाचा भाग आहे. इनामें सिद्ध करण्याच्या गरजेंतून बनावट कागद झाले हें आपण जाणतोंच. मजकूर निर्दोष असूनहि एकोणिसाव्या शतकाचें जलचिन्ह दिसलें म्हणजे शिवकालीन सनदेचा निकाल लागतो.

६

येथें दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं इतकें लिहीत बसल्यास आयुष्यांत कागद किती होतील? आक्षेप खरा आहे. सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतून निवडक कागदांचे ४५ खंड थोड्या वर्षांत बाहेर आणले. प्रत्येक कागदास तीन रकाने पाडले असते तर पांच खंडहि झाले नसते. निवड व सार यांवांचून चालत नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं सारानें आपण सार आहों हें सांगावें व मूळाचा पत्ता द्यावा. १९३० सालचा शिवकालीन-पत्र-सार-संग्रह आजहि हाताशीं लागतो, तो यामुळेंच कीं सारापासून मूळापर्यंत जाण्याची वाट त्यानें बुजविली नाहीं. माझ्या वहींतील टिपण लहान होतें हा त्याचा दोष नव्हे. तें लहान असून पुरेसें असल्याचा आव आणीत होतें.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा. आतां प्रत्येकाच्या खिशांत छायाचित्र घेणारा फोन आहे. तासाभरांत दोन रुमाल टिपतां येतात. मग हातानें लिहावें कशाला? छायाचित्रांचा मी ऋणी आहें. माझ्यापाशीं त्या दिवशीं असा फोन असता तर हा लेख लिहावा लागला नसता. पण छायाचित्र घेतलें म्हणजे वाचन झालें असें नव्हे. हजार चित्रें घेऊन घरीं आलेले व तीन वर्षांनीं कोणता बंद कोणत्या बंदास जोडावयाचा हें न कळणारे मित्र माझ्या ओळखीचे आहेत. चित्रांत रुमालाचा क्रम येत नाहीं, मालकानें सांगितलेली हकीकत येत नाहीं, मागील बाजू आपण घेतली तरच येते, आणि कागदाची जाडी व जलचिन्ह सहसा येतच नाहीं. म्हणून चित्र घ्यावें. शेजारीं मोजपट्टी ठेवून, पुढून व मागून घ्यावें. आणि त्याच रात्रीं, स्मरण ताजें असतां, क्रमवार यादी लिहावी. टिपण दुसऱ्या दिवशीं पुन्हा कागदाशीं, तो नसल्यास चित्राशीं, ताडून पाहावें. पहिल्या वाचनांत आपणांस जें अपेक्षित असतें तेंच दिसतें; चूक सांपडते ती उलट वाचनांत, म्हणजे वहीवरून कागदाकडे जातांना.

७

आतां त्या तरुणाचा दुसरा प्रश्न. पहिल्यापेक्षां तो मला अधिक लागला.

महजराच्या शेवटीं पाटलाच्या नांवापुढें नांगर, न्हाव्याच्या नांवापुढें आरसा, सुताराच्या नांवापुढें त्याचें हत्यार, अशा निशाण्या काढलेल्या असतात. त्या मीं पाहिल्या होत्या. पाहून कौतुकहि वाटलें होतें, एवढें आठवतें. परंतु मी कुलकर्णी-देशमुखांचा इतिहास शोधीत होतों. वादी, प्रतिवादी व निकाल एवढेंच मला हवें होतें. म्हणून "पाटील, बलुतेदार वगैरे" असें लिहून मीं वही मिटली. त्या "वगैरे"मध्यें त्या गांवचे सुतार, लोहार, न्हावी, महार असे किती तरी लोक बुडाले. कुलकर्ण्याचें नांव दुसऱ्या दहा कागदांत मिळेल. त्या सुताराचें नांव जगांत एकाच ठिकाणीं लिहिलेलें असण्याचा संभव होता, आणि तें मीं वाचलें होतें.

पूर्वींचे लेखक पोथीच्या अखेरीस, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये, अशा अर्थाचें वचन लिहीत. आम्हांस तें भाबडें वाटे. त्यांत आपल्या आवडीनिवडीस बाजूस ठेवण्याची जी शिस्त आहे ती आतां कळते. महत्त्वाचें काय हें आपण आपल्या प्रश्नावरून ठरवितों. पण कागद केवळ आपल्या प्रश्नाचा नसतो. आपल्यामागून येणारा कोण असेल व काय विचारील हें आपणांस ठाऊक नसतें. म्हणून जें निरुपयोगी वाटतें त्यांतलें निदान नांव तरी गाळूं नये.

त्या तरुणास मीं वहीचें तें पान दाखविलें. त्यानें तें दोनदां वाचलें, चित्र घेतलें, आणि मला न विचारतां पानाच्या कोपऱ्यांतील पृष्ठांकहि आपल्या वहींत लिहून घेतला. तेवढ्यावरून तो माझ्याहून चांगला टिपणकार होईल असें वाटतें. त्याच्याजवळच्या कागदाचें वाचन आम्हीं दोघांनीं मिळून केलें. तीन रकाने पाडून, फाटल्या बंदाची रुंदी मोजून. तो उतारा तो स्वतंत्रपणें प्रसिद्ध करणार आहे.

माझ्या वहीच्या समासांत मीं आतां एवढें लिहून ठेविलें आहे: "सनाचें मूळ लिहिलें नाहीं. १७१६ हें वर्ष प्रमाण धरूं नये. साक्षीदारांचीं नांवें वाचलीं होतीं, उतरलीं नाहींत." वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं जुन्या टिपणवह्या असतील, त्यांनीं मूळ कागद अद्याप हातीं आहेत तोंवर त्या एकदां त्यांच्याशीं ताडून पाहाव्या, ही विनंती.